रिफ्लेक्सचा चार्ट भिंतीवर राहू दे, बाळ आईच्या हातात दे

तू विचारलंयस ते असं, की पोस्टनेटल वॉर्डला लागून चार महिने झाले, डिस्चार्जच्या आधी आईबाबांना बाळाचे रिफ्लेक्स समजावून सांगायचं काम तुझ्याकडे आलंय, तू चार्टवरची आठ नावं अगदी नीट सांगतेस, ते माना डोलावतात आणि चौथ्या दिवशी रात्री दोन वाजता तेच लोक "बाळाला झटके येतायत" म्हणत बाळ गुंडाळून कॅज्युअल्टीत हजर. मग चुकतंय कुठे?

अगं, (तू म्हणते हां तुला, माझी थोरली तुझ्याच वयाची असेल) तुझी माहिती चुकत नाहीये, जागा चुकतेय. मी २६ वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात आणि एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काढली, त्यातली पहिली सहासात वर्षं मी पण हेच करायचे. मोरो, रूटिंग, सकिंग, ग्रास्प, व्हायव्हाला पाठ केलेलं जसंच्या तसं. समोर बाई बसलीय तिचे टाके ओढतायत, दूध उतरतंय का नाही ही धाकधूक, नवरा खाली बिलाच्या काउंटरला, गाडी कोण आणणार यावर दोन घरांत फोनाफोनी, आणि आपण सांगतोय असिमेट्रिक टॉनिक नेक रिफ्लेक्स. ती मान हलवते ती आपण लवकर गप्प बसावं म्हणून.

माझं म्हणणं एवढंच की रिफ्लेक्स हा बाळाच्या अंगावर, आईच्या हाताने आणि आजीच्या समोर शिकवायचा. तिन्ही पाहिजेत. चार्टवरचं बाळ कोणाचंच नसतं. आईच्या हाताने यासाठी की तू केलंस तर ती जादू बघितल्यासारखी बघते आणि घरी गेल्यावर तिला जमत नाही. आणि आजी का, तर पहिलं बाळंतपण म्हणजे बहुतेक वेळा माहेरी, तिथे सव्वा महिना बाळ खरं कोणाच्या ताब्यात असतं? आजीच्या आणि मालिशवाल्या मावशींच्या. तू आईला पढवलंस आणि आजी बाहेर बाकावर बसलेली, तर घरी गेल्यावर "आम्ही काय पोरं वाढवली नाहीत का" या एका वाक्यात तुझं सगळं शिकवणं वाहून जातं. मी आता आजीला बोलावून घेतल्याशिवाय सुरूच करत नाही, खुर्ची पण तिलाच देते.

रिफ्लेक्स म्हणजे काय हे सांगताना प्रतिक्षिप्त क्रिया वगैरे नको, तो शब्द दहावीच्या पुस्तकात बरा. मी म्हणते, तव्याचा चटका बसला की हात आधी मागे येतो आणि "आई गं" नंतर येतं ना, तसं. बाळाचा वरचा मेंदू, विचार करून हालचाल करणारा, अजून कामावर रुजू झालेला नाही, तोवर खालचा मेंदू आणि पाठीचा कणा कारभार बघतायत. वरचा साहेब हळूहळू चार्ज घेतो तसे हे आपोआपचे खेळ मागे पडतात. ही दुसरी अर्धी गोष्ट आपण सांगतच नाही बघ, की हे जायचंच असतं, आणि मग उभं धरल्यावर पावलं टाकणारं बाळ दोन महिन्यांनी ती टाकेनासं झालं की लोक घाबरतात.

आता सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यायचा, तर दचकण्याला. मोरो हे नाव आईला सांगायची गरज नाही. तुझ्यासाठी म्हणून सांगते, अर्न्स्ट मोरो नावाचे बालरोगतज्ज्ञ जर्मनीत हायडेलबर्गला होते, त्यांनी १९१८ साली हे लिहून ठेवलं, आणि त्यांनी त्याला मिठी मारण्याचा रिफ्लेक्स म्हटलं होतं. मला ते फार आवडतं. कारण नीट बघितलंस तर हात आधी फेकल्यासारखे बाहेर जातात, बोटं पसरतात, आणि मग दोन्ही हात आत येतात, कोणाला तरी धरायला. घाटात माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन उड्या मारते ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं, मी आजीला तेच सांगते, पडतोय असं वाटलं की आईला धरायचं, ती सवय अंगात राहिलीय. आजीला हे लगेच पटतं.

पण हा रिफ्लेक्स करून दाखवू नकोस. मी एकदा दाखवला होता, नोकरीचं दुसरंतिसरं वर्ष, परीक्षेत करतात तसं डोकं जरासं उचलून हातातून सोडलं, बाळाने हात फेकले आणि टाहो फोडला. आजीने माझ्या हातातून बाळ ओढूनच घेतलं, "पोर आहे का बाहुली?" त्यानंतर मी जे जे सांगितलं ते तिने एका कानाने ऐकलं, आणि बरोबरच होतं तिचं. परीक्षा करणं डॉक्टरांचं काम. आपल्याला काही करावं लागतच नाही, आईला फक्त म्हणायचं, बाळाला खाली ठेवा. नवी आई हमखास पाठ आधी टेकवते, मग हात काढून घेते, डोकं शेवटी जरासं मागे जातं आणि बाळ दचकतं. "बघा, आत्ता काय झालं?" मग परत उचलायला लावायचं आणि म्हणायचं, आता ढुंगण आधी टेकवा, मग पाठ, डोकं शेवटी, डोक्याखालचा हात हळू काढा आणि दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात छातीवर धरून ठेवा, दोन श्वास थांबा, मग सोडा. बाळ दचकत नाही. आईचा चेहरा बघ त्यावेळी. तिला कळतं की दचकणं हा आजार नाही आणि ते आपल्या हाताने थांबवता येतं, हे चार्टने कधीही झालं नसतं.

दचकण्यावर घरोघरी उपाय ठरलेले आहेत, दृष्ट काढणं, उशाखाली विळा किंवा चाकू, वेखंड. दृष्ट काढली तर मी काही बोलत नाही, मीठमोहरी बाळावरून ओवाळून विस्तवात टाकली, धूर बाळाच्या नाकात जाऊ दिला नाही, तर बिघडत काही नाही आणि आजीचं समाधान होतं. पण उशाखालचा चाकू काढायला लावते, मुळात उशीच काढायला लावते. दोन गोष्टींवर मात्र अडून बसते. एक म्हणजे पालथं झोपवणं. "पालथं घातलं की दचकत नाही, छान तासभर झोपतं" हे खरं आहे, आजी खोटं बोलत नाहीये, पण पालथं झोपलेलं बाळ जड झोपतं, श्वास अडला तर सहज जागं होत नाही, आणि झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका पालथं झोपण्यात जास्त असतो. पाठीवरच, दरवेळी, दुपारीसुद्धा. मी म्हणते, आजी, दचकून उठतंय म्हणजे त्याचा पहारेकरी जागा आहे.

दुसरं म्हणजे दुपट्यात बांधणं. दुपट्याने दचकणं कमी होतं, झोप बरी लागते, हे आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवायला नको. फक्त हात छातीशी धरून वरचा भाग बसता बांधा, तोही तुमचा हात आत सरकेल एवढा, आणि पाय मोकळे, बेडकासारखे दुमडून बाहेर पडतील असे. पाय सरळ करून घट्ट बांधले, "नाहीतर फेंगडे होतील" म्हणून, तर खुब्याचा सांधा निसटायची भीती असते. मालिश करताना पाय ताणून जुळवतात तिथेही हेच सांगायचं, आणि हे मालिशवाल्या मावशींपर्यंत पोचवायचं काम आजीवर सोपवायचं, सुनेवर किंवा लेकीवर नाही, तिचं त्या ऐकत नाहीत. आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडच्या उन्हाळ्यात झबलं, टोपडं, कुंची आणि वर दुपटं असं नको, बाळ तापतं आणि ताप आला म्हणून परत आपल्याकडेच येतं. कुशीवर वळायला लागल्याची चिन्हं दिसली की बांधणं बंद.

आता रात्री दोनचे पाहुणे. ते येतात कारण आपण दचकणं सांगतो पण दचकणं कशाला म्हणायचं नाही ते सांगत नाही. मी एकच चाचणी शिकवते, हात ठेवा. हनुवटी थरथरतेय, हात कापतोय, तर तो हात हलकेच धरा किंवा दुमडा. थांबलं तर ते कापणं आहे. तुमच्या हाताखाली पण ठका ठका चालूच राहिलं, किंवा डोळे एका बाजूला अडकलेत, श्वास थांबतोय, रंग निळसर होतोय, तर तो झटका समजा आणि या, रात्री दोनला पण या. झोपेत हातपाय उडतात आणि जागं केलं की लगेच थांबतात, तेही बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पण एक लक्षात ठेव, नवजात बाळाचा झटका मोठ्या माणसासारखा दिसतोच असं नाही, सायकल चालवल्यासारखे पाय, उगाच तोंडाची मचमच, टक लावून बघणं, असाही असतो. आणि बाळ सारखंच कापत असेल, त्यात वजन कमी किंवा आईला डायबेटीस, तर धरल्यावर थांबतंय म्हणून सोडून द्यायचं नाही, शुगर आणि कॅल्शियम बघायला पाठवायचं. मोबाइलचा काय उपयोग सांगते मी, तर व्हिडिओ काढा. "असं असं करतं" म्हणून आजी करून दाखवते त्यापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतो.

हे एवढ्यावर थांबवू नकोस, कारण खरी फसगत पुढे होते. दचकणं तीन-चार महिन्यांत ओसरतं, सहा महिन्यांपर्यंत जायलाच हवं. बाळ तीन ते आठ महिन्यांचं असताना, विशेषतः झोपेतून उठल्या उठल्या, एकामागून एक दचकायला लागलं, म्हणजे मान खाली जाते, हात वर किंवा पुढे येतात, सेकंददोन सेकंद, सुटतं, पाचदहा सेकंदांनी परत तसंच, परत तसंच, अशी माळ लागते आणि मध्ये बाळ रडतं, तर ते दचकणं नव्हे. त्याला इन्फन्टाइल स्पाझम म्हणतात. आवाज नाही, धक्का नाही, कारण काही नाही आणि तरी ओळीने येतंय, ही खूण. घरचे म्हणतात गॅस आहे, पोट दुखतंय, दात येतायत, आणि महिना निघून जातो, तोवर हसणारं बाळ हसायचं थांबलेलं असतं. उपचार जितका लवकर तितकं मेंदूचं नुकसान कमी, म्हणून त्याच आठवड्यात, खरं तर त्याच दिवशी दाखवायचं. १८४१ मध्ये वेस्ट नावाच्या एका इंग्रज डॉक्टरने हे पहिल्यांदा लिहिलं, ते स्वतःच्याच मुलाचं बघून, मान पुढे झुकते म्हणून त्याला सलाम असं नाव पडलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी मी आईला फक्त दोन वाक्यं सांगते, "आत्ताचं दचकणं एकेकटं असतं आणि कशाने तरी होतं. पुढे माळ लागली तर व्हिडिओ काढायचा आणि यायचं." मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसाला येतील तेव्हा परत आठवण करायची. एका दिवसात सगळं डोक्यात भरायचा अट्टहास सोड, लसीकरणाच्या तारखा आपल्याला फुकट मिळालेल्या आहेत.

आणि दोन्ही हात सारखे उघडतात का, हे बघायला नक्की सांग. एक बाबा होते, दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले सिस्टर, तुम्ही म्हणालात मिठी मारतं, हा एकाच हाताने मारतो. बाळ चार किलोच्या आसपास, खांदा अडकून झालेली डिलिव्हरी. एक्सरे काढला तर गळपट्टीचं हाड मोडलेलं. ते हाड दोनतीन आठवड्यांत आपोआप जुळतं, फार काही करावं लागत नाही, पण त्या बाजूचा हात ओढायचा नाही, झबलं घालताना दुखरा हात आधी घालायचा, हे वेळेवर कळलं. हात उघडतच नसेल तर खांद्याच्या नसांना मार लागलेला असू शकतो, तिथे फिजिओ लवकर सुरू व्हावं लागतं. सकाळच्या राउंडला आम्हा कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, बापाने पकडलं.

दुसरा नंबर दूध शोधण्याचा. गालाला बोट लावलं की बाळ तिकडे तोंड वळवतं, तोंड उघडतं, हे सगळे सांगतात. जे सांगत नाहीत ते हे, की स्तनाजवळ गेल्यावर बाळ मान डावीउजवीकडे झटकत शोधतं, आणि आईला ते "नको नको" वाटतं. खरंच सांगते, तिसऱ्या दिवशी रडत बसलेल्या कितीतरी मुली मी बघितल्यात, "याला माझं दूध आवडत नाही, मान हलवून नाही म्हणतो". अगं तो नाही म्हणत नाहीये, पत्ता शोधतोय! हे एक वाक्य बोलल्यावर तिचा खांदा खाली आलेला दिसतो. आणि तेवढ्यात मदतीला धावलेली मावशी काय करते, बाळाचं डोकं मागून धरून स्तनावर दाबते. डोक्यामागे दाब आला की बाळ उलटं मागे ताठतं, आणि दुसऱ्या गालाला बोटं लागली की त्या बोटांकडे वळतं. म्हणजे दूध एकीकडे आणि बाळ दुसरीकडे, आणि परत "हा घेतच नाही". हात मानेखाली आणि खांद्यांवर धर, डोकं मोकळं ठेव, स्तनाग्र वरच्या ओठाला आणि नाकाला लागू दे, तोंड मोठं उघडेपर्यंत थांब. जन्मल्या जन्मल्या बाळ आईच्या उघड्या पोटावर ठेवलं आणि घाई केली नाही तर ते पाय मारत मारत स्वतःच स्तनापर्यंत सरकतं, ब्रेस्ट क्रॉल म्हणतात, तुमच्या लेबर रूममध्ये करत असतील तर एकदा उभी राहून पूर्ण बघ, मग रिफ्लेक्स वेगवेगळे पाठ करायची गरजच वाटणार नाही, पाय, हात, नाक, तोंड सगळे एका कामाला लागलेले दिसतात.

चोखण्याचं थोडं उलट आहे. तोंडात काहीही घातलं, बोट, बाटलीचं बूच, तरी बाळ चोखणारच, भूक असो नसो. म्हणून "बाटली लावली तर घटाघटा प्यायलं, म्हणजे अंगावरचं पुरत नव्हतं" हा पुरावा होत नाही. पुरतंय का ते लंगोटावर मोजायचं, पाच दिवसांनंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लघवी, आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत. वरच्या दुधाचा डबा घरात येतो तो पुष्कळदा या एका रिफ्लेक्सचा चुकीचा अर्थ लावल्यामुळे.

आता धोक्याची सगळ्यात मोठी खूण इथेच आहे, म्हणून हे आजीला परत म्हणून दाखवायला लावते. कालपर्यंत नीट ओढत होतं, आज ओढत नाही, रडणं बारीक झालं, अंग सैल पडलं, तर घरगुती काही न करता दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना हेच शिकवलं होतं, जंतुसंसर्ग ओळखायला लॅब नाही, तर चोखणं मंदावलं का, रडणं क्षीण झालं का, हातपाय ढिले का, असं बघायचं. शाळा फार न शिकलेल्या बायका ते बिनचूक ओळखत होत्या, नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले आणि १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात त्याचं मूळ तिथे आहे. तर आईला सांग, आशाताई आल्या की त्यांच्यासमोर पाज. आणि मध चाटवणं, गुटी वगैरे नको म्हण, वर्षाच्या आत मध तर अजिबातच नाही, त्यातल्या जंतूंच्या विषाने बाळाचं चोखणंच लुळं पडू शकतं.

बाकीचे पटापट घे. मूठ म्हणजे बाबांसाठी राखून ठेवायची, तळहातात त्यांचं बोट द्यायचं, बाळ धरतं, आणि आतापर्यंत कोपऱ्यात उभा असलेला माणूस एकदम बाप होतो. तिथे मी सांगत नाही की हे आपोआपचं आहे, म्हणजे सांगते, पण दोन मिनिटं थांबून. आईचे केस मुठीत आले तर ओढायचे नाहीत, हाताच्या मागच्या बाजूने करंगळीकडून हलकं चोळलं की मूठ सुटते. पाचसहा महिन्यांत हे जातं, मगच बाळ खुळखुळा ठरवून धरतं आणि ठरवून टाकतं.

मान एका बाजूला वळवून त्या बाजूचा हात सरळ आणि दुसरा कोपरात दुमडलेला, हाच तो असिमेट्रिक टॉनिक नेक रिफ्लेक्स, या पोझला इंग्रजीत तलवारबाजी म्हणतात, माझ्या वॉर्डात आम्ही अर्जुन म्हणतो, बाण ताणलाय ना अगदी. हे नाव एकदा सांगितलं की आजोबासुद्धा विसरत नाहीत. पहिल्या दोनतीन महिन्यांत जास्त दिसतं, सहा महिन्यांपर्यंत जातं. बघायचं एवढंच की अर्जुन दोन्हीकडे बाण मारतो का. कायम एकाच बाजूला बघत असेल तर डोकं त्या बाजूला चपटं होतं, पाळण्यात डोक्याची दिशा बदला, आवाज दुसऱ्या बाजूने द्या, तरी मान वळत नसेल तर दाखवा. आणि त्या पोझमध्ये अडकूनच पडत असेल, सुटताच येत नसेल, तरीही दाखवा.

पावलं टाकण्याचं मात्र मला दरवेळी हसू येतं. उभं धरून तळवे टेकवले की बाळ चालल्यासारखं करतं, त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर फिरतो, "वीस दिवसांत चालायला लागला". दोन महिन्यांनी बंद पडलं की तोच ग्रुप घाबरतो. गंमत अशी की एस्थर थेलेन नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८० च्या दशकात दाखवलं, की पाय तोवर गुबगुबीत होऊन जड झालेले असतात, उचलत नाहीत, तीच बाळं छातीपर्यंत पाण्यात धरली तर परत पावलं टाकतात. तर पाय गेलेले नसतात, बाळसं धरलेलं असतं. या खेळाचा आणि लवकर चालण्याचा संबंध जोडून कोणी वॉकर आणला तर परत करायला सांग, पायऱ्यांवरून गडगडण्याचं ते साधन आहे, कॅनडाने २००४ पासून विक्रीवर बंदीच घातलीय.

तळव्याला टाचेपासून रेघ मारली की अंगठा वर जातो, बोटं पंख्यासारखी पसरतात, हे मी मुद्दाम दाखवतच नाही. बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये सांगितलेली मोठ्या माणसाच्या मेंदूविकाराची खूण आहे ती, बाळांत वर्षदीड वर्ष, कधी दोन वर्षांपर्यंत नॉर्मल. पण बाबा ते नेटवर शोधतात आणि रात्रभर झोपत नाहीत. कोणी विचारलं तरच सांग.

जिभेने बाहेर ढकलणं सांग पण. सहाव्या महिन्यात उष्टावणाच्या वेळी खीर बाहेर ढकलली तर ते नखरे नाहीत, तो रिफ्लेक्स चार ते सहा महिन्यांत ओसरतो, चारपाच दिवस थांबून परत द्यायचं.

झोपेत हसण्याबद्दल आजी म्हणतेच, सटवाई हसवतेय. मी म्हणते हो, आत्ता सटवाईच हसवतेय, दीड-दोन महिन्यांनी तुमच्याकडे बघून हसेल ते तुमचं. तीन महिने झाले तरी नजर देऊन हसलं नाही तर मला सांगा. यात मी कोणाची श्रद्धा खोडली नाही आणि माझं काम पण झालं.

कमी दिवसांच्या बाळांचं वेगळं सांगावं लागतं, ते विसरू नकोस. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांना बसतो, त्याआधी नळीने किंवा बोंडल्याने दूध. ३० आठवड्यांचं बाळ चोखत नाही म्हणजे ते मंद नाही, त्याची तारीख आलेली नाही. मूठ मात्र त्याआधीच आलेली असते, म्हणून ही चिमुकली पहिलं काम कोणतं करतात तर नाकातोंडातली नळी पकडून ओढतात! आणि हे सगळे महिने जन्मतारखेपासून नाही, ड्यू डेटपासून मोजायचे. दोन महिने आधी आलेल्या बाळाचं दचकणं पाचव्या महिन्यात दिसलं तर हिशोबाने ते तिसऱ्यातच आहे. हे आईच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दे, ड्यू डेट, खाली रेघ.

एक रिफ्लेक्स उलटा आहे, येतो उशिरा आणि जात नाही. आठनऊ महिन्यांच्या बाळाला आडवं धरून पुढे झुकवलं की दोन्ही हात पुढे टेकवायला येतात, आपण ठेच लागली की करतो तेच. गोवर-रुबेलाच्या डोसाला नवव्या महिन्यात येतील तेव्हा बघायचा, आत्ता बोलूच नकोस.

वेळ किती लागतो म्हणशील तर मला पंधरा मिनिटं लागतात, कारण मी वेगळा तास घेत नाही. बाळाचं लंगोट बदलताना, पाजताना, खाली ठेवताना जे आपोआप होतं तेच पकडायचं. भुकेलं रडणारं बाळ घेऊ नकोस आणि पोटभर पिऊन झिंगलेलं पण नको, ते काहीच करत नाही आणि आई उगाच धास्तावते. दोन फीडच्या मधलं, डोळे उघडे असलेलं बाळ घे. शेवटी आईला विचार, रात्री थरथरलं तर काय कराल? ती "हात ठेवीन" म्हणाली की सही घे फाइलवर. आजीला विचार, कसं झोपवणार? ती "पालथं" म्हणाली तर परत बस.

आणि सॅनिटायझर लावून लगेच बाळाला हात लावू नकोस हं, आधी तळवे चोळून कोरडे आणि गरम कर, गार बोटं लागली की अर्जुन-बिर्जुन बाजूला राहतं आणि सगळी बाळं दचकूनच दाखवतात.